पावनखिंड मोहिमेला रोजची मर्यादा आणि स्थानिक वाटाड्याची सक्ती हवी का?

रंकाळाकाठ

जुलै तोंडावर आला की कोल्हापुरात चौकाचौकात पावनखिंड मोहिमेचे फलक लागतात. पन्हाळा ते पावनखिंड, दोन दिवस, पन्नासेक किलोमीटर, आणि माणसं शेकड्यांनी. माझं मत सांगतो. या वाटेवर दिवसाला किती माणसं सोडायची याला मर्यादा हवी, आणि प्रत्येक तुकडीबरोबर वाटेवरच्या गावातला नोंदणीकृत वाटाड्या सक्तीचा हवा.

पेरूतली इंका ट्रेल चालून आलो आणि हे मत पक्कं झालं. चार दिवसांची वाट, मध्ये ४,२१५ मीटरवरची खिंड, शेवटच्या सकाळी सूर्यद्वारातून खाली माचू पिचू, इंकांचं जुनं शहर. दिवसाला ५०० माणसंच सोडतात, तीही गाईड, स्वयंपाकी, हमाल सगळे धरून. परवाना पासपोर्टवर निघतो, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. नाक्यावर हमालांचं ओझं काट्यावर तोलतात, कारण पुरुष हमालामागे २० किलोची मर्यादा कायद्यानं घातलेली आहे. फेब्रुवारीत वाट महिनाभर बंद ठेवून डागडुजी करतात. वाटेत सायाकमार्का, विन्याय वायना अशी जुनी ठाणी लागतात. तिथल्या पायऱ्यांवर मला वेफर्सचं एक पाकीट दिसलं नाही. आपल्याकडं वाटेवरचं मसाई पठार उतरेपर्यंत किती दिसतात, जाणाऱ्यांना ठाऊक आहे.

पन्हाळा २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत गेला. आता तरी शिस्त लावूया.

शिवाजीपेठ

दादा, ठाम विरोध. माचू पिचू बघायला लोक जगभरातून सहलीला येतात. पावनखिंडीत आम्ही माथा टेकायला जातो. १२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्यावरून निसटले. शिवा काशीद महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसले आणि जिवानिशी गेले. बाजीप्रभूंनी आणि बांदलांनी घोडखिंड, म्हणजे आजची पावनखिंड, अडवून धरली. त्या वाटेवर आमच्या तालमीतली पोरं वर्षातून एकदा चालतात. पन्हाळ्यावरून खाली उतरायच्या राजदिंडीपाशी त्यांना अडवून ‘आजचे पास संपले’ म्हणून सांगायचं?

आणि पास ऑनलाइन निघाले की काय होणार ते सांगतो. पैसे घेऊन ट्रेक नेणारे मोठे बॅचवाले पहिल्या तासात सगळे उचलणार. गवंड्याच्या हाताखाली काम करणारं पोरगं, ज्याला रजा मिळणार की नाही हे आदल्या दिवशी कळतं, ते घरी बसणार. पावसात वाट बंद ठेवायचं तर बोलूच नका. तो प्रवासच आषाढातल्या पावसातला आहे, तो उन्हाळ्यात चालून काय करायचंय?

डोंगरवेडी

मर्यादेबद्दल माझं मत ठरलेलं नाही, पण वाटाड्याच्या सक्तीला शंभर टक्के पाठिंबा. मसाई पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. सपाट माळ, सगळीकडं गुरांच्या वाटा, आणि प्रत्येक वाट खरीच वाटते. शहरातून आलेला लीडर पुढं, शेवट सांभाळणारा स्वीप मागं, मध्ये दीडशे माणसं. ही रांग तुटली की मधल्यांनी कुणाच्या मागं जायचं? तिथला गुराखी मात्र पायाखालच्या कातळावरून सांगतो की म्हाळुंगे कुठल्या अंगाला राहिलं आणि कुंभारवाडीची उतरण कुठं लागणार. हे मोबाइलच्या नकाशात येत नाही. आधीच ओला झालेला मोबाइल तिथं बंदच पडलेला असतो.

करपेवाडीकडचा

तुम्ही सगळी पाकिटांवर बोलताय. पाकीट आम्ही उचलतो की ओ. बांधाचं काय?

जुलैत आमची भाताची रोप लागण चालू असते. चिखलणी करून खाचरात पाणी धरलेलं असतंय. पायवाटेत गुडघाभर चिखल झाला की माणसं बांधावर चढतात. पहिल्या पन्नासांत बांध खचतो, पुढच्या शंभरात फुटतो. पाणी खालच्या खाचरात जातं, वरलं रोप उघडं पडतं. दुपारी शेतकरी खोरं घेऊन एकटाच बांध घालत बसतो, तोवर मोहीम पुढच्या वाडीत पोचलेली असते.

महाराजांच्या वाटेवर चालणाऱ्याला आम्ही कधी अडवलं नाही, अडवणारही नाही. चुलीवर पिठलं-भाकरी करून घालतो, घरात झोपायला जागा देतो. पण कुठल्या तारखेला किती माणसं येणार हे आम्हाला आधी कळावं, एवढं तरी करा.

नकाशेवाला

रंकाळाकाठ, तुमच्या उदाहरणातली एक बाजू राहिली. ५०० ची मर्यादा पायवाटेला आहे. माचू पिचूवर रोज चार हजारांहून जास्त माणसं जातात, त्यातली बहुतेक रेल्वेनं पायथ्याच्या आग्वास कॅलिएंतेसला उतरून बसनं वर चढतात. म्हणजे वाट राखली गेली, अवशेषांवरची गर्दी तशीच. पन्हाळ्यावर गाड्या थेट वर जातात, पावनखिंडीजवळही रस्ता आहे. चालणाऱ्याला पास आणि गाडीतून येणाऱ्याला मोकळीक, असा नियम झाला तर तो चालणाऱ्यावर अन्याय आहे.

रंकाळाकाठ

गाड्यांचा मुद्दा बरोबर आहे. मर्यादा दोन्हीकडं लागली पाहिजे. पण करपेवाडीकडच्या दादांनी सांगितलं त्यावरून मर्यादेची गरज मला आणखी पटली. पहिल्या पन्नासांत बांध खचतो आणि पुढच्या शंभरात फुटतो, तर एका दिवशी हजार सोडून कुठला वाटाड्या तो वाचवणार? तेरा वर्षांच्या पोराला आणि साठीतल्या माणसाला समान संधी हवी असेल तर सोडत काढा, निम्म्या जागा जिल्ह्यातल्या तालमी-मंडळांना राखून ठेवा. पैसे घेऊ नका हवं तर. आकडा मात्र ठरवा, आणि तो वाटेवरच्या वाड्यांना विचारून ठरवा.

शिवाजीपेठ

करपेवाडीकडचे दादा, बांधाचं वाचून वाईट वाटलं. ते आमच्या मंडळाच्या बैठकीत मांडतो. तारीख आणि माणसं आधी कळवायची, गावातला वाटाड्या त्याची मजुरी देऊन घ्यायचा, बांधावर चढायचं नाही, फुटला तर आमच्याच पोरांनी तिथल्या तिथं घालून पुढं जायचं. हे सगळं मान्य, याच वर्षीपासून.

पास मान्य नाही, सोडतही नाही. माणसं विभागायची तर जुलै-ऑगस्टचे सगळे शनिवार-रविवार आहेत, मंडळांनी आपसात बसून तारखा वाटून घ्याव्यात. ते जमतं की नाही हे दोन पावसाळे बघा. सरकारी आकडा राजदिंडीवर टांगला गेला तर त्याला पहिला विरोध आमच्या पेठेतून होईल.

करपेवाडीकडचा

तारखा वाटायला बसाल तेव्हा वाड्यांतल्या चार माणसांनाही बोलवा. लागण कुठल्या आठवड्यात कुठं असते ते आम्ही सांगतो.