वैशाखातलं काळं आभाळ

भरीतपुरी: परवा इथे एकाने ‘वैशाखातली सांज, तापीच्या दक्षिण काठावरून उत्तरेला सातपुडा’ असा कृष्णधवल फोटो टाकला. खाली फोटोची कुंडली: लाकडी कॅमेरा, चार बाय पाच इंची सुटी फिल्म-शीट, एफपी-फोर फिल्म, लाल फिल्टर, छिद्र एफ ३२, डी-७६ डेव्हलपर. मी एवढंच लिहिलं, की आभाळ डांबरासारखं झालंय आणि पायथ्याच्या सावलीत काही दिसत नाही. उत्तर आलं, ‘आधी एक शीट स्वतः भरून बघा, मग बोला.’ भरीत खारट झालंय हे सांगायला वांगी मी लावायला हवीत का? खाली चौदा जणांचं ‘वा, क्या बात’. त्यातल्या एकानेही सावलीकडे पाहिलेलं नाही. लाकडी कॅमेरा दिसला की लोक हात जोडतात, फोटो बघतच नाहीत.

काळं कापड: तो फोटो माझा. ४३ अंशांत काळ्या कापडाखाली डोकं घालून कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवरचं उलटं चित्र जुळवून बघा. फिल्म भरायचे पाच होल्डर, एकात दोन, म्हणजे दहा शीट, एक चुकली की पैसे तापीत. १९२७ साली अमेरिकन फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने लाल फिल्टर लावून हाफ डोम या कड्यामागचं आभाळ काळंभोर केलं, ती कला. मी केलं की डांबर!

फाटकं पान: दादा, ते कॅलिफोर्नियातलं योसेमिटी. एप्रिल, बर्फ, उंचावरची स्वच्छ हवा. लाल फिल्टर निळं दाबतो, म्हणजे फोटोत काळपट करतो. आपलं वैशाखातलं आभाळ निळं असतं कुठे? धुळीने पांढरंफटक. पांढऱ्याला लाल फिल्टर काय करणार? दसऱ्यानंतर काढा, आपोआप काळं येईल. हे आभाळ स्कॅन केल्यावर कॉम्प्युटरवर दाबलंय.

काळं कापड: थोडं दाबलंय. डार्करूममध्ये बर्निंग करायचे, म्हणजे प्रिंटच्या एखाद्या भागाला जास्त उजेड देऊन तो काळा करायचे, तेव्हा कुणी पंचनामा करत नव्हतं.

हायपोवाला: भाऊ, आमचा भुसावळला स्टुडिओ होता. वडील मे महिन्यात डेव्हलपरचा, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाचा, ट्रे बर्फाच्या घमेल्यात ठेवायचे. त्याला लागणारे २० अंश कुठून आणायचे? नळाचंच पाणी गरम. लाइट गेली की पंखा बंद, घाम निगेटिव्हवर. एकदा लग्नाची अख्खी प्लेट मऊ पडून नवरदेवाचं नाक घसरलं. वधूपक्षाने पैसे दिले नाहीत, वर आम्हालाच ऐकवलं. आता पोरं यूट्यूब बघून डी-७६ सांगतात.

भरीतपुरी: नाना, नवरदेवाचं वाईट वाटलं, पण मुद्दा टीकेचा आहे.

हायपोवाला: मुद्दा पाण्याचाच आहे. डाग बघा कोपऱ्यात. जड पाणी! शेवटचं धुणं डिस्टिल्डमध्ये करा.

फाटकं पान: डाग सोडा. ऊन उजवीकडून का येतंय?

काळं कापड: म्हणजे?

फाटकं पान: तोंड उत्तरेला, वेळ सांज, मग पश्चिम डाव्या हाताला. काठावरच्या केळीच्या खुंटांच्या सावल्या उजवीकडे पडायला हव्यात. तुमच्या डावीकडे पडल्यात. एकतर ही सकाळ आहे, नाहीतर फोटो उलटा आहे.

काळं कापड: सकाळी मी धुळ्यात झोपलो होतो. लेन्समधून चित्र उलटंच येतं, हे माहीत आहे ना?

फाटकं पान: कॅमेऱ्याच्या काचेवर वरचं खाली आणि डावं उजवं, दोन्ही होतं. निगेटिव्ह अर्धी फिरवली की सरळ. तुमचं फक्त डावं उजवं झालंय. स्कॅन करताना फिल्मची मॅट बाजू, इमल्शनची, स्कॅनरच्या काचेला लावली होती का?

भरीतपुरी: काय भो! चौदा ‘वा’, आणि सातपुडा आरशातला!

काळं कापड: हसा. तुम्हाला तरी कुठे दिसलं? तुम्ही सावलीत शोधत बसलात.

भरीतपुरी: हे मात्र खरं. सावली पाहिली, तिची दिशा पाहिली नाही.

हायपोवाला: शीटला खाच असते. उभी धरून खाच वर उजवीकडे आली, तर इमल्शन आपल्याकडे. अंधारात बोटाने कळतं. आम्ही डोळे मिटून…

काळं कापड: (रात्री उशिरा) निगेटिव्ह काढली. स्कॅनरवर मॅट बाजू खाली होती, नंतर फिरवायची राहिली. सरळ करून टाकतो. आभाळ जरा उजळ करतो. जरा. सावली मात्र आहे तशीच राहील. तिथे निगेटिव्हवर काहीच नाही, एक्स्पोजरच कमी पडलं.

भरीतपुरी: म्हणजे मी म्हणत होतो तेच!

काळं कापड: हो साहेब, तेच. आता वांगी लावा.