माळवदाच्या भिंतीला छिन्नी नको

सोलापुरातल्या जुन्या माळवदाच्या घरात कन्सील्ड (भिंतीच्या आत दडवलेलं) वायरिंग करावं की पट्टी, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर मातीच्या भिंतीला छिन्नी लावूच नका. वीतभर खाच मारायला जावं, तर हातभर पोपडा खाली येतो. भिंतीवरून पीव्हीसी पाइप क्लिपांनी बसवा. कन्सील्डच हवं असं आयएस ७३२ मध्ये, म्हणजे वायरिंगच्या भारतीय मानकात, कुठेही नाही. केसिंग-कॅपिंगही, म्हणजे तुमची ती झाकणाची पट्टी, चालते, पण मागच्या खोलीत यंत्रमाग असेल तर पट्टीच्या फटीत सुताचे तंतू साठतात. तिथे पाइपच बरा.

वायरिंगच्या तपासणीत अडतं ते भलतीकडेच. अर्थिंगची वायर सगळ्या सॉकेटपर्यंत नसते, स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर घेतलेला असतो, जोड पाइपच्या आत दडवलेले असतात. (माझ्याच घरी वायरमनने हिरवी वायर बोर्डात नुसती गुंडाळून ठेवली होती!) दिव्यांना १.५, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ आणि एसीला ४ चौरस मिमीची तांब्याची वायर घ्या. आपला मे महिना बघता यात काटकसर नकोच. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच हवा. तपासणीच्या टेस्ट रिपोर्टवर सही परवानाधारक कंत्राटदाराची लागते, तेव्हा त्याला पाइप ठोकायच्या आधीच बोलवा.