जुन्या कार्ट्रिजचा आवाज खरंच गोड, की आपलेच कान हळवे?

गिरगावकर: सरळ बोलतो, पटलं नाही तर भांडा. सत्तरच्या दशकातलं शुअरचं एम ७५ कार्ट्रिज (रेकॉर्ड प्लेअरच्या आर्मच्या टोकाचा, सुई धरून तिच्या हालचालीची वीज करणारा भाग) लावून जुनी एचएमव्हीची एलपी ऐकली की तानपुरा कसा भरून येतो, गाणारा श्वास घेतो तोही कळतो, आणि तीच रेकॉर्ड नव्या ऑडिओ टेक्निकाच्या व्हीएम ९५ वर लावली तर सगळं स्वच्छ पण कोरडं, वर खरखर आधी ऐकू येते आणि गाणं मागून. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिजचं कामच बंद केलं, त्यामुळे चोर बाजारात एखाद्या मोडक्या प्लेअरला लागलेलं दिसलं तर उचला.

सुईदोरा: स्वच्छ ऐकू येतं ही तक्रार कधीपासून झाली भावा? तू शुअर ऐकत नाहीयेस, पन्नास वर्षांचं वाळलेलं रबर ऐकतोयस. कॅन्टिलिव्हरच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या बारीक दांडीच्या, मुळाशी जे रबर असतं ते कडक झालं की सुई खोबणीत मोकळी हलत नाही. आणि कपॅसिटन्स, म्हणजे वायर आणि प्रीअँप मिळून कार्ट्रिजवर पडणारा विजेचा भार, बघितलास का? त्या काळच्या शुअरना ४०० ते ५०० पिकोफॅरड लागायचे, आजचा फोनो प्रीअँप (कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवतो तो) आणि वायर मिळून बरेचदा त्याच्या निम्मेही भरत नाहीत, मग वरचा आवाज दबतो आणि तुम्ही लोक त्याला वॉर्म म्हणता. व्हीएम ९५ ला १०० ते २०० पुरतात, जास्त झाले की तेच चरचरतं. दोघांना एकाच वायरवर लावून निकाल कसला देतोस?

गिरगावकर: रबर नवंच आहे रे, जपानच्या जिकोची सुई मागवून बसवलीय. आणि लॅमिंग्टन रोडवरून कपॅसिटर आणून तेही करून बघितलं, तरी मला शुअरच आवडतं.

सुईदोरा: मग जुनं राहिलं काय? शुअरसारख्या मूव्हिंग मॅग्नेटमध्ये, म्हणजे सुईबरोबर चुंबक हलतं त्या जातीत, नवी सुई घातली की कॅन्टिलिव्हर, रबर, चुंबक सगळंच बदलतं, बॉडीत उरते ती कॉइल. आवाज जिकोचा आणि कौतुक शुअरचं!

मुलुंडची माई: तुम्ही दोघं भांडा, पण नवीन मुलांसाठी एक सांगते. जुनं म्हणजे सगळंच मॅग्नेटिक नसतं. आमच्या घरच्या सूटकेस प्लेअरमध्ये क्रिस्टल कार्ट्रिज होतं, त्यात रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो, तो दमट हवेत खराब होतो, आणि मुंबईचा पावसाळा काय वेगळा सांगायचा? आवाज बारीक होत होत गेलाच. शेवटी सिरॅमिक बसवून घेतलं. आणि या जातीची कार्ट्रिजं रेकॉर्डवर दाबही जास्त देतात, चांगली एलपी त्यावर घासू नका. दुकानदार 'अँटिक पीस' म्हणून गळ्यात मारतो, तेव्हा आत काय आहे ते आधी विचारा.

बेसुरा बंड्या: एवढा जुन्याचा सोस असेल तर डेनॉनचं डीएल १०३ घ्या ना. साठच्या दशकात जपानच्या एनएचके रेडिओसाठी केलेलं, गोल टोकाची सुई, सुईचा दाब अडीच ग्रॅम, आणि अजून कंपनीतून कोरं करकरीत येतं. रबर वाळल्याची कटकट नाही.

गिरगावकर: हो, आणि त्याच्या ०.३ मिलिव्होल्टसाठी वेगळा एमसी स्टेज, म्हणजे इतका बारीक सिग्नल वाढवणारा प्रीअँप, कोण देणार, तू? शिवाय आर्म जड लागतो, माझा हलका आहे. तेवढ्या पैशात फोर्टच्या फूटपाथवरून पिशवीभर रेकॉर्डी येतील.

सुईदोरा: रविवारी येतो तुझ्याकडे. कुठलं लावलंय ते सांगायचं नाही, व्हॉल्यूम दोन्हीचा सारखा ठेवायचा, आणि तू पाठ करून बसायचं.

गिरगावकर: ये की. रेकॉर्ड मात्र मी निवडणार.

सुईदोरा: अजिबात नाही, माई निवडतील.