रेडिओला फोन करणारा माणूस पॉडकास्टमध्ये कुठे गेला?

टर्नपाइकवाला

२०२४च्या ऑगस्टात न्यूयॉर्कच्या ८८० एएम या रेडिओ स्टेशनवरच्या बातम्या बंद झाल्या. १९६७पासून चालू होत्या, आता तिथे खेळांच्या गप्पा असतात. पुलांवरच्या ट्रॅफिकची खबर देणारा तो आवाज गेला तेव्हा घरातलं भिंतीवरचं घड्याळ थांबल्यासारखं वाटलं. पण हा धागा बातम्यांबद्दल नाही. दुपारी १२ वाजता गाडीत असलो की माझं बोट हमखास दुसऱ्या स्टेशनकडे जायचं, रश लिंबॉ ऐकायला, उजव्या मतांचा टॉक रेडिओवाला. आधी ७७०, २०१४पासून ७१०. त्याचं एकही मत पटायचं नाही. (माझं मत त्याला नकोच होतं, ग्रीन कार्डवाला मतदान कुठून करणार!) तरी ऐकायचो, कारण मध्येच ओहायोतला ट्रकवाला नाहीतर पेन्सिल्वेनियातली एखादी शेतकरीण फोनवर यायची. मी राहतो त्या न्यू जर्सीत ही माणसं भेटत नाहीत. आमच्याकडे सगळे एकतर आयटीत, नाहीतर औषध कंपनीत.

फेब्रुवारी २०२१मध्ये लिंबॉ गेला. त्याच्या वेळेवर दोन-तीन जणांनी हक्क सांगितला, पण एका आवाजाभोवती जमणारी ती गर्दी पांगली ती पांगलीच. २०२४च्या निवडणुकीत ट्रम्प पॉडकास्टवाल्या जो रोगनसमोर जवळजवळ तीन तास बसले, हॅरिस 'कॉल हर डॅडी' या पॉडकास्टवर गेल्या. रेडिओला कोणी विचारलं?

माझी तक्रार माध्यम बदलल्याची नाही. रेडिओवर यजमानाला निदान तोंडदेखलं तरी कोणाचंतरी ऐकावं लागे. पॉडकास्टमध्ये यजमान, त्याचा मित्र आणि दोन माइक. श्रोत्याने खाली काय लिहायचं ते लिहावं, वाचायची सक्ती कोणावर नाही. राजकीय श्रोता आता नुसता प्रेक्षक झालाय. तुम्हाला काय वाटतं?

खवट खारीक

टर्नपाइकराव, आठवणी रम्य असतात हे मान्य, पण तो ट्रकवाला तुमच्यापर्यंत आपोआप पोचत नव्हता. आधी एक माणूस फोन उचलायचा, काय बोलणार ते विचारायचा, कार्यक्रमाला सोयीचा असेल तरच पुढे पाठवायचा. वर काही सेकंद उशिराने प्रक्षेपण. लिंबॉ तर सुरुवातीच्या काळात नको असलेल्या कॉलरला व्हॅक्यूम क्लीनरचा आवाज लावून उडवायचा. याला तुम्ही लोकांचं ऐकणं म्हणता?

आणि हा सगळा डोलारा उभा राहिला तो नियम काढल्यामुळे. वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू मांडा, हे बंधन १९४९पासून अमेरिकेतल्या प्रक्षेपकांवर होतं. १९८७च्या ऑगस्टात ते गेलं. त्याआधी तिथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, त्याचा कायदा करून पाहिला, पण राष्ट्राध्यक्ष रेगननी व्हेटो वापरला. बंधन गेल्यावर जवळजवळ वर्षाने, १ ऑगस्ट १९८८ला, लिंबॉचा देशभरचा कार्यक्रम सुरू. पुढे १९९६च्या कायद्याने देशभरात एका मालकाने किती स्टेशनं घ्यावीत याची मर्यादा उठली आणि क्लिअर चॅनल या एकट्या कंपनीकडे हजारावर स्टेशनं जमली. गावोगावचे निवेदक घरी, सहाशेवर स्टेशनांवर एकच आवाज. तुमचा फोनवाला तेव्हाच मेला होता, पॉडकास्टने फक्त तेरावं घातलं.

ऑस्टिनची आत्या

खारीक यांना +१, पण माझं कारण वेगळं.

रेडिओ हा एकाच, उजव्या बाजूचा मळा होता. डाव्यांनी २००४मध्ये एअर अमेरिका हे रेडिओ नेटवर्क काढून पाहिलं. आताची टीव्हीवरची रेचल मॅडो तिथूनच पुढे आली. २०१०च्या जानेवारीत गाशा गुंडाळला. लोकांना ऐकायचं नव्हतं असं नाही, पण ज्या गावात एएमची चार स्टेशनं आणि चारही एकाच मताच्या श्रोत्यावर जगणारी, तिथे पाचव्या आवाजाला लाटा कोण देणार? २०१७मध्ये ओबामांच्या जुन्या सहकाऱ्यांनी 'पॉड सेव्ह अमेरिका' हे पॉडकास्ट सुरू केलं. स्टेशन मॅनेजरची परवानगी लागली नाही. पोळ्या करताना मी ते ऐकते, दुसऱ्या दिवशी मुद्दाम उजव्या बाजूचा बेन शपिरोही ऐकते. रेडिओवर हे जमलं असतं का? माझ्या भागात तर नक्कीच नाही.

तीन तासांची मुलाखत तुम्ही हसण्यावारी नेताय. रेडिओवर दर दहा-बारा मिनिटांनी गाद्यांची आणि सोन्याच्या नाण्यांची जाहिरात. नेत्याला पाठ केलेली तीन वाक्यं म्हणून सुटता येतं. दुसऱ्या तासात पाठांतर संपतं, मग माणूस दिसतो.

टर्नपाइकवाला

आत्या, माणूस दिसतो, मान्य. पण त्याला अडवणारं कोण असतं समोर? गप्पा मारणारा मित्र असतो. दुसऱ्या तासात पाठांतर संपतं तसं यजमानाचं कुतूहलही संपतं, मग दोघं मिळून मंगळावरच्या गोष्टी बोलतात.

खारीक, व्हॅक्यूम क्लीनरचं माहीत नव्हतं. चाळणी होती हे खरं. पण चाळणीतूनही काही खडे यायचेच. विरोधी कॉलर घेतला की कार्यक्रम रंगतो हे त्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत होतं, म्हणून धंद्यासाठी का होईना, घेत होते.

हिशेबनीस

दोन्हीकडचे लोक पैशाबद्दल बोलतच नाहीयेत.

लिंबॉचा कार्यक्रम लहान स्टेशनला जवळजवळ फुकट मिळे, त्या बदल्यात जाहिरातीची काही मिनिटं सिंडिकेटवाल्यांची, म्हणजे कार्यक्रम देशभर पुरवणाऱ्यांची. म्हणजे श्रोता हा माल आणि जाहिरातदार हे गिऱ्हाईक. ऐकायला वाईट वाटतं, पण त्यातच लगाम होता. २०१२मध्ये सँड्रा फ्लूक या विद्यार्थिनीबद्दल लिंबॉ गलिच्छ बोलला, तेव्हा जाहिरातदार भराभर निघाले आणि त्याला माफी मागावी लागली. असा प्रसंग त्याच्यावर क्वचितच आला असेल. आता वर्गणी भरणारे पाच-दहा हजार भक्त जमले की जाहिरातदार गेला उडत. यजमान जितका चेकाळतो तितके भक्त खूश.

दुसरं, पैसा कोणाचा ते कळत नाही. सप्टेंबर २०२४मध्ये अमेरिकी न्याय खात्याने आरोपपत्र काढलं की रशियन सरकारी वाहिनीच्या दोन कर्मचाऱ्यांनी टेनेसीतल्या एका कंपनीकडे जवळजवळ १ कोटी डॉलर वळवले, आणि ते ऑनलाइन टिप्पणीकारांच्या व्हिडिओंवर खर्च झाले. पैसा कुठून येतो ते आम्हाला ठाऊक नव्हतं, असं त्या मंडळींनी सांगितलं. रेडिओ स्टेशनला परवाना असतो, पैसे घेऊन काही प्रसारित केलं तर सांगावं लागतं. यूट्यूबवर आपल्या पत्त्यावर कोण चेक पाठवतो हे खुद्द यजमानालाच माहीत नाही!

खवट खारीक

हिशेबनीस, रेडिओवाले काय गंगाजलाने धुतलेले? हेरिटेज फाउंडेशन ही उजव्यांची संस्था लिंबॉची प्रायोजक होती. ते उघड होतं म्हणून चांगलं, असं तुमचं म्हणणं असेल तर मग प्रश्न उघडपणाचा आहे, माध्यमाचा नाही. पॉडकास्टला तो नियम लावा की. रेडिओ परत आणून काय होणार?

सदाशिव पेठी

इथे पुण्यात बसून हे वाचताना गंमत वाटते. आपल्याकडे खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला आजही मनाई आहे, आकाशवाणीचं बातमीपत्र तेवढं जसंच्या तसं लावता येतं. त्यामुळे राजकीय टॉक रेडिओ आपण पाहिलाच नाही. नाक्यावरून एकदम यूट्यूबवर आलो. तुम्ही ज्याच्या नावाने रडताय तो टप्पाच आमच्या नशिबी नव्हता. चालू द्या.

बीड टू बॉस्टन

उशिरा येतोय, पण मूळ लेखातलं 'रेडिओला कोणी विचारलं' हे चूक आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये हॅरिस डेट्रॉइटला रेडिओ यजमान शार्लमेन द गॉडबरोबर आयहार्ट या रेडिओ कंपनीच्या कार्यक्रमात बसल्या आणि तिथे श्रोत्यांचे प्रश्न घेतले. म्हणजे तुम्ही ज्या कॉलरचा शोध घेताय तो तिथे हजर होता. तो कृष्णवर्णीयांच्या एफएमवर होता, तुमचा काटा ७१०वर. लिंबॉचा श्रोता म्हणजेच रेडिओचा श्रोता, हे गृहीतच गडबड आहे. मायामीतल्या क्यूबन लोकांचा स्पॅनिश रेडिओ तर या चर्चेत आलाच नाही, आणि तिथल्या राजकारणात त्याचं वजन काय होतं ते तिथल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा.

टर्नपाइकवाला

बीडकर, हे लागलं. मी तो कार्यक्रम ऐकला नव्हता. 'रेडिओला कोणी विचारलं' मागे घेतो. तक्रार मागे घेत नाही, कारण रोगनच्या तीन तासांत अजूनही कोणाचा फोन येत नाही.

ऑस्टिनची आत्या

फोन येऊन काय करायचंय? आमच्या टेक्ससचे रिपब्लिकन सिनेटर टेड क्रूझ आणि मॅसॅच्युसेट्सचे डेमोक्रॅट सिनेटर मार्की एरवी एकमेकांचं तोंड बघणार नाहीत, पण प्रत्येक नव्या गाडीत एएम असलंच पाहिजे यावर दोघांनी मिळून २०२३मध्ये विधेयक आणलं. फोर्डने त्याच महिन्यात एएम काढायचा बेत रद्द केला. कारण काय दिलं जातं? वादळाची सूचना. निवडणुकीचं नाव कोणी घेत नाही, पण क्रूझची झोप काही वादळाने उडालेली नाही.

टर्नपाइकवाला

आत्या, गेल्या महिन्यात इलेक्ट्रिक गाडी घेतली. मोटरची खरखर एएममध्ये घुसते म्हणून कंपनीने तो पट्टाच दिलेला नाही. शोरूममध्ये विचारलं तर पोरगा म्हणाला, सर, एएम म्हणजे सकाळचं का?