शब्दचर्चा: त्या फोटोखाली 'पूर्वग्रह' लिहावं का?

ओसरी:
आमच्या वाचनालयात दर महिन्याला एक जुना फोटो भिंतीवर लावतो, खाली दोन-चार ओळी. या वेळी लिटल रॉकचा घेतलाय. ४ सप्टेंबर १९५७, अमेरिकेतलं आर्कान्सॉ राज्य, सेंट्रल हायस्कूल. पुढे एलिझाबेथ एकफर्ड, वय १५, काळा चष्मा, हातात वही, पांढरा झगा आणि त्याच्या घेराला चौकड्यांचं कापड. मागे तिच्याच वयाची गोरी हेझल ब्रायन, तोंड वासून ओरडतेय. मी लिहिलं, 'शाळेत जाताना: वांशिक पूर्वग्रहाचा चेहरा'. एका सभासद काकांनी पेन्सिलीने 'पूर्वाग्रह' अशी दुरुस्ती केली. बरोबर काय? आणि 'डीसेग्रिगेशन'ला, म्हणजे काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगवेगळ्या शाळा बंद करण्याला, मराठीत काय म्हणू?

काना_मात्रा:
काकांना चहा पाजा, पण पेन्सिल काढून घ्या. 'पूर्वाग्रह' हिंदीत चालतो, तिकडच्या बातम्यांतून आपल्याकडे घुसलाय. मराठीत 'पूर्वग्रह'च. यातला ग्रह म्हणजे शनि-मंगळ नव्हे, 'तुमचा उगाच तसा ग्रह झालाय' यातला. माणूस समोर येण्याआधीच करून घेतलेला ग्रह, तो पूर्वग्रह. विशेषण 'पूर्वग्रहदूषित', आणि ते बहुतेक वेळा नजर, मत, दृष्टिकोन यांनाच लागतं.

तळटीप:
तिथेच माझी हरकत आहे. नजर दूषित, मत दूषित, म्हणजे सगळं डोक्यातल्या डोक्यात. त्या सकाळी झालं काय ते बघा. गव्हर्नर फॉबस यांनी शाळेभोवती नॅशनल गार्डचे, म्हणजे राज्याच्या राखीव दलाचे, सैनिक उभे केले होते. तोवर गोऱ्यांच्याच असलेल्या या शाळेत नऊ काळ्या मुलांनी एकत्र जायचं ठरलं, पण एकफर्डांच्या घरी फोन नव्हता, त्यामुळे निरोप पोचलाच नाही आणि ती एकटी आली. तो झगाही तिने शाळेच्या पहिल्या दिवसासाठी स्वतः शिवलेला. सैनिक गोऱ्या मुलांना आत सोडत होते, हिला अडवलं. मग जमावातून वाट काढत ती बस स्टॉपच्या बाकापर्यंत गेली. याला 'पूर्वग्रह' म्हणणं म्हणजे जखमेवर पावडर लावणं. सरळ 'वंशद्वेष' लिहा.

जुनी_वही:
तळटीप, राग पटला, शब्द नाही. आपल्याकडे या घरातले बाकीचे शब्द बघा. 'आकस' ठेवायला मागे काहीतरी घडलेलं लागतं. 'दुस्वास' तर जवळच्याच माणसाचा, सवतीचा, जावेचा. अनोळखी माणसाचा दुस्वास कुणी करत नाही. 'द्वेष'ही आपण बहुधा ओळखीच्याचाच करतो. हेझलला एलिझाबेथचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. समोरचा माणूस माहीत नसतानाच लागू पडणारा यातला शब्द एकच, पूर्वग्रह. तो सौम्य नाहीये, वर्तमानपत्रांनी वापरून वापरून गुळगुळीत केलाय. गव्हर्नर आणि सैनिक यांच्यासाठी मात्र तो अपुरा, तिथे 'वर्णभेद' हवा.

आता दुसरा प्रश्न. आधी 'सेग्रिगेशन', म्हणजे वेगळं ठेवणं, यालाच शब्द हवा. 'विलगीकरण' २०२० पासून कोरोनाच्या खोलीत अडकलंय, 'पृथक्करण' प्रयोगशाळेत. 'वेगळं बसवणं' आपलं आहे, पण त्याचं चित्र निराळं. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. वर्ग एकच, बसकण वेगळी. लिटल रॉकमध्ये अख्खी शाळाच वेगळी होती. एलिझाबेथ आधी होरेस मान या काळ्या मुलांच्या शाळेत शिकत होती. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा शाळा घटनाबाह्य ठरवल्या. 'एकत्रीकरण' लिहिलंत तर आपल्या वाचकाला पटसंख्या कमी म्हणून दोन शाळा जोडल्यासारखं वाटेल. मी 'वंशवार शाळा मोडणे' लिहीन.

काना_मात्रा:
'मोडणे' झकास. १९५५ च्या पुढच्या निकालात हे काम कसं करायचं त्याबद्दल जे शब्द आहेत, त्यांचं मराठी करायचं तर 'सावकाश घाईने' असंच होईल. राज्यांनी त्यातलं 'सावकाश' तेवढं उचललं.

ओसरी:
आणखी एक अडचण. फोटो लावल्यापासून लोक विचारतात, ती ओरडणारी पुढे कुठे गेली? एलिझाबेथची चौकशी अजून कुणी केली नाही. हेझलने १९६३ मध्ये तिला फोन करून माफी मागितली. १९९७ मध्ये विल काउंट्स या त्याच छायाचित्रकाराने दोघींचा हसरा फोटो त्याच शाळेसमोर काढला, त्याचं पोस्टर निघालं. त्यावरच्या 'रिकन्सिलिएशन'ला काय म्हणू? दिलजमाई?

जुनी_वही:
दिलजमाई नको, ती भाऊबंदकीनंतरची. 'समेट'ही खटकतो, समेटात दोन्हीकडून थोडं सोडावं लागतं. एलिझाबेथने काय सोडायचं? पुढे दोघींची मैत्री टिकली नाही. झालेलं प्रामाणिकपणे मान्य केल्याशिवाय खरा सलोखा होत नाही, या अर्थाचं एलिझाबेथचं वाक्य नंतर त्या पोस्टरवर चिकटवलं गेलं. 'सलोखा' लिहा, आणि ते वाक्यही.

तळटीप:
बरं, पूर्वग्रह मान्य. पण मग फोटोत हेझलच्या आजूबाजूला बघा. तोंडं मिटून चालणारेही आहेत. त्यांना काय म्हणायचं? 'बघे' म्हणावं तर बघे अपघात झाल्यावर जमतात, हे तर सोबत चालताहेत.
आणि आजचा पूर्वग्रह मला त्या मिटल्या तोंडांत जास्त दिसतो. मी भाड्याने घर शोधत होतो तेव्हा कुणी ओरडलं नाही. आडनाव विचारलं, मग म्हणाले, 'आमचं काही नाही हो, सोसायटीत चालत नाही.' हे 'चालत नाही' व्याकरणाने तपासा. कर्ता कुठाय?

काना_मात्रा:
कर्ता नाहीच. 'आमच्यात चालत नाही', 'बरं दिसत नाही', 'वातावरण बिघडतं', सगळी वाक्यं बिनकर्त्याची. फॉबस यांनीही सैनिक बोलावण्याचं कारण शांतता राखणं हेच दिलं होतं. शांतता कोण बिघडवणार, ते वाक्यात येतच नाही. हेझल निदान कर्तरी प्रयोगात ओरडत होती.

जुनी_वही:
ओसरी, तुमच्या मूळ ओळीत शब्दापेक्षा मोठी चूक आहे, आत्ता लक्षात आली. 'शाळेत जाताना' नाही. ती तेव्हा परत फिरली होती, सैनिकांनी अडवल्यावरचा क्षण आहे तो. नऊ मुलं शाळेत नीट बसली ती २५ सप्टेंबरला, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कर पाठवल्यावर.

ओसरी:
बदलली. आता अशी आहे: 'एलिझाबेथ एकफर्ड, वय १५. गव्हर्नरच्या सैनिकांनी तिला शाळेत जाऊ दिलं नाही. लिटल रॉक, ४ सप्टेंबर १९५७.' पूर्वग्रह खाली दुसऱ्या ओळीत, हेझलच्या नावाशेजारी, काना न देता. काकांना दाखवलं. म्हणाले, बरोबर आहे, पण 'गव्हर्नर' नको, 'राज्यपाल' करा.

काना_मात्रा:
करू नका! आपला राज्यपाल नेमलेला असतो, फॉबस मतांवर निवडून आले होते.