कोल्हापुरात पोलिसांनी सायकलवरून गस्त घालावी का?

पेठकर:
संध्याकाळी रंकाळा तलावावर पोलिसांची गाडी आली की काय होतं, हे तिथं रोज फिरणाऱ्यांना ठाऊक आहे. लाल-निळा दिवा लांबूनच दिसतो. कठड्याच्या आत अंधारात बसलेलं टोळकं उठून संध्यामठाच्या बाजूला सरकतं, गाडी रस्त्यानं पुढं निघून जाते आणि टोळकं परत जागेवर येऊन बसतं. पदपथावर गाडी येऊ शकत नाही, आणि आतल्या हवालदारांना काचेआडून काही ऐकूही येत नाही.

माझं म्हणणं असं, की रंकाळा आणि अंबाबाई मंदिराचा परिसर, म्हणजे महाद्वार रोड, ताराबाई रोड, गुजरी, भवानी मंडप, इथं पोलिसांनी सायकलवरून फिरावं. साध्या सायकली नव्हेत. जाड टायर, पुढं शॉकअप, डिस्क ब्रेक, हँडलला दिवा आणि सायरन, मागं कॅरिअरला बॅग आणि तीत प्रथमोपचाराची पेटी, खांद्याला वॉकीटॉकी. अमेरिकेत सिएटलला १९८७ मध्ये बसच्या भुयारी मार्गासाठी मध्यवस्तीतले रस्ते उकरले होते. पोलिसांच्या गाड्या कोंडीत अडकायला लागल्या, तेव्हा दोन पोलीस माउंटन बाइक घेऊन गस्तीला निघाले. तिथून ही पद्धत बाकीच्या शहरांत गेली. नवरात्रात महाद्वार रोडवर रुग्णवाहिकेला वाट मिळताना मारामार होते, तिथं चारचाकी गस्त कशी घालणार?

राजारामपुरी गल्ली:
भावा, कल्पना चांगली आहे, पण चेन मारणारा येतो दोनशे सीसीच्या गाडीवर. गळ्यात हात घातला की दुसऱ्या मिनिटाला तो हायवेला लागलेला असतो. सायकलवरचा पोलीस त्याला धरणार कसा? बीट मार्शलच्या, म्हणजे नेमून दिलेल्या भागात (बीटवर) गस्त घालणाऱ्या पोलिसांच्या, मोटारसायकली वाढवा, काम होईल. आणि आपलं गाव सपाट नाही. पंचगंगा घाटावरून गंगावेशीपर्यंत एकदा दमात सायकल चढवून बघा.

पेठकर:
पाठलाग सायकलचं कामच नाही. तो वॉकीटॉकीवर कळवेल आणि पुढचा नाका अडवला जाईल. मोटारसायकलवरचा मार्शलसुद्धा गर्दीच्या गल्लीत कुणाला धरू शकत नाही, त्याची फटफट मात्र चार घरं आधीच ऐकू येते. सायकल आवाज न करता जवळ पोचते. जिथं चढ आहे, तिथं सायकल नको. मी दोनच भाग सांगितलेत.

निवृत्त खाकी:
मी खात्यात उभं आयुष्य काढलंय, म्हणून स्पष्ट लिहितो. सायकली येतील, नारळ फुटेल, फोटो निघेल आणि पहिल्या पावसाळ्यानंतर त्या ठाण्याच्या आवारात जप्त गाड्यांच्या ढिगाशेजारी गंजत पडतील. कारण माणूस नाही. गणपती, नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा, मोर्चे, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे, प्रत्येक वेळी बीटवरचाच माणूस बंदोबस्ताला उचलला जातो. बारा-बारा तास उभं राहून गुडघे गेलेल्या पन्नाशीच्या हवालदाराला तुम्ही सायकलवर बसवणार? त्याला आधी वेळेवर घरी जाऊ द्या. पोलिसांच्या हालाकडं कुणाचं लक्ष नाही, याचा मला राग येतो.

महाद्वारची ताई:
काका, तुमचा राग रास्त आहे. पण आमची बाजूही ऐका. माझं दुकान आहे, रात्री शटर ओढून मी आणि कामावरच्या दोन मुली चालत निघतो. एक पोरगा रोज मागं यायचा. गस्तीची गाडी समोरून जायची, पण मुली तिला हात करायला तयार नव्हत्या. गाडी थांबणार, काच खाली होणार, रस्त्यावरचे सगळे वळून बघणार आणि दुसऱ्या दिवशी घरी विषय होणार. ११२ ला फोन लावायलाही त्यांचं मन धजेना. सायकलवरचा पोलीस शेजारून हळू जात असता, तर चालता चालता दोन शब्द सांगता आले असते. आम्हाला एवढंच हवं आहे, आणि ते रात्री दुकानं बंद व्हायच्या वेळेला. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या सोयीनं नको.

आकडेमोड:
भावनेवर धोरण ठरू नये. अमेरिकेत न्यूअर्कला १९७८-७९ मध्ये पायी गस्तीचा प्रयोग झाला होता. लोकांना सुरक्षित वाटायला लागलं, पण गुन्हे काही घटले नाहीत. सायकलचंही तेच होईल. नुसतं बरं वाटावं म्हणून माणसं अडकवून ठेवायची का?

पेठकर:
मग कॅन्सस सिटीचंही सांगा. तिथं १९७२-७३ मध्ये वर्षभर काही भागांत गाड्यांची गस्त दुप्पट-तिप्पट केली, काही भागांत जवळजवळ बंद केली. गुन्ह्यांत फरक पडला नाही आणि लोकांची भीतीही तशीच राहिली. न्यूअर्कला निदान भीती तरी कमी झाली. ताईंच्या दुकानातल्या मुली निर्धास्तपणे घरी पोचल्या, तर ते पोलिसांचंच काम झालं, असं मी मानतो.

आकडेमोड:
मी मानत नाही. भीती कमी होणं चांगलंच, पण खर्च गुन्हे रोखण्यासाठी मागताय, तर मोजमापही त्याचंच हवं. आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडं जो पाऊस पडतो, त्यात ही गस्त कशी चालणार याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

पेठकर:
धो-धो पावसात चालणार नाही, हे मान्य. तेवढे दिवस ती माणसं पायी फिरतील. बीट तेच, माणसंही तीच. खरी गरज त्याचीच आहे. आठवड्याला चेहरा बदलत राहिला तर सायकल देऊनही उपयोग नाही.

निवृत्त खाकी:
आता मुद्द्यावर आलात. जुना राजवाडा ठाण्यात तुम्ही अर्ज देणार असाल तर त्यात तीन गोष्टी घाला. तरुण आणि स्वतःहून तयार असलेलेच शिपाई घ्या. त्यांना नीट प्रशिक्षण द्या, कारण गर्दीत सावकाश सायकल चालवणं, पायऱ्या उतरणं आणि झटक्यात खाली उतरून माणूस धरणं हे शिकावं लागतं. आणि बंदोबस्ताला या माणसांना हात लावायचा नाही, हे लेखी घ्या. तिसरी अट असेल तर सही करतो. ती गाळली तर माझं नाव घालू नका.