ईमेलवरून खाती जोडू नका
एलडॅप (संस्थेच्या वापरकर्त्यांच्या डिरेक्टरीतून होणारं लॉगिन) आणि गूगल लॉगिन, दोन्हीकडचे वापरकर्ते ईमेल जुळवून एक करावेत असं या चर्चेत सुचवलं गेलंय. कृपया तसं करू नका. नागपुरात धंतोलीतल्या एका रुग्णालयाच्या कामात आम्ही नेमकं तेच केलं होतं. एका सिस्टरांचं लग्नानंतर आडनाव बदललं, ईमेल बदलला आणि जुनं खातं तसंच पडून राहिलं. ते निस्तरता आलं. पण नोकरी सोडलेल्या एका देशमुखांचा 'आर.देशमुख' हा पत्ता नव्या देशमुखांना दिला गेला, आणि पहिल्याच लॉगिनला जुन्यांचे सगळे अधिकार त्यांच्या हाती आले, औषधसाठ्याच्या मंजुरीसकट!

गूगल लॉगिन ज्यावर चालतं त्या ओपनआयडी कनेक्टच्या २०१४ च्या मानकात स्पष्ट आहे: 'आयएसएस' (ओळख देणारी सेवा) आणि 'सब' (त्या सेवेतला वापरकर्त्याचा आयडी) ही जोडीच टिकाऊ ओळख, ईमेल नव्हे. एलडॅपच्या बाजूला, मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, ते काम 'ऑब्जेक्ट जीयूआयडी' हा प्रत्येक नोंदीचा आयडी करतो. नाव बदललं, विभाग बदलला तरी तो बदलत नाही.

म्हणून व्यक्तीचा आयडी आपला स्वतःचा ठेवा. वेगळ्या टेबलात स्रोत आणि त्या स्रोतातला आयडी ठेवून या जोडीवर युनिक बंधन घाला, म्हणजे तीच जोडी दोनदा येणार नाही. या टेबलात एका माणसाच्या तीन ओळी झाल्या तरी चालतील. खाती जोडायची ती मात्र त्याने दोन्हीकडे लॉगिन करून दाखवल्यावरच.